तळघराच्या जाळीतलं सिलिकॉनचं बूच: चौदा महिने वापरल्यानंतर

बाइंडिंग करणाऱ्या माणसाला वासांची सवय असते. सरस, आंबलेली खळ, चामडं, जुन्या वह्यांची बुरशी. त्यामुळे तळघरात घाण यायला लागली तेव्हा पहिले पंधरा दिवस मी सरसाच्या डब्यालाच शिव्या घालत होते. डबा उचलून बाहेर ठेवला. वास जागच्या जागी. खळ फेकली, भांडं घासलं. मग उंदीर मेला असेल म्हणून कपाटं सरकवली. उंदीर नव्हता, हरवलेली कात्री तेवढी सापडली. शेवटी एक गृहस्थ मी बांधून दिलेली त्यांच्या आजोबांची हिशेबाची वही परत घेऊन आले, माझ्यासमोर उघडली आणि एक शब्दही न बोलता माझ्या नाकाजवळ धरली. कागद वास पितो हे मी सगळ्यांना सांगत फिरते, आणि ते मलाच कुणीतरी दाखवून द्यावं लागलं. त्या दिवशी मी पहिल्यांदा गुडघ्यांवर बसून कोपऱ्यातल्या, सांडपाणी जायच्या जाळीचा वास घेतला.

त्या जाळीत मी सिलिकॉनचा एकतर्फी व्हॉल्व्ह बसवला, त्याच्याबद्दल हे लिहिते आहे. विकणारे त्याला ड्रेन कोअर म्हणतात, अँटी-ओडर प्लग म्हणतात, आणखी काही काही म्हणतात. मी आणि आमचे प्लंबर त्याला बूच म्हणतो. चौदा महिने झाले. वस्तू चांगली आहे, मी दुसरं आणूनही ठेवलंय. पण ज्यांनी चिडून एक तारा दिलाय त्यांच्यावर मी हसणार नाही, कारण पहिले तीन आठवडे मीही त्याच रांगेत उभी होते.

आधी वास जाळीतूनच येतोय का ते बघा. मी जाळीवर जाड प्लास्टिक पसरलं, चारी कडा चिकटपट्टीने बंद केल्या आणि रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी खाली उतरले तर नुसता सरसाचा वास. सरसाच्या वासाने इतका आनंद आयुष्यात झाला नव्हता. पट्टीचं एक टोक सोडलं आणि सडक्या अंड्यांचा भपकारा थेट तोंडावर आला. मग जाळी उचलून टॉर्च मारला. खाली पाणी असेल तर उजेड चमकून परत येतो. माझ्याकडे चमकण्यासारखं काहीच नव्हतं. वाळलेला करडा गाळ, आणि त्यात एक झुरळ पाय वर करून.

ज्यांना हे माहीत आहे त्यांनी पुढे जावं, मला माहीत नव्हतं म्हणून सांगते. जाळीखाली पाइपाला वाक दिलेला असतो, त्याला ट्रॅप म्हणतात. त्या वाकात साधारण ५० मिलिमीटर पाणी कायम उभं राहतं आणि गटारातली हवा अडवून धरतं. ना झडप, ना रबर, नुसतं पाणी. १७७५ साली अलेक्झांडर कमिंग नावाच्या एका घड्याळजीने संडासाच्या पाइपाला असा वाक देऊन पेटंट घेतलं आणि आजही सगळं जग त्याच युक्तीवर चाललंय. अट एवढीच की वरून अधूनमधून पाणी पडत राहिलं पाहिजे. बाथरूममध्ये ते आपोआप पडतं. तळघरात कोण ओततंय? माझ्याकडे तर कागदाला ओल लागू नये म्हणून डीह्युमिडिफायर चालतो, शिवाय एक्झॉस्ट पंखा सकाळपासून फिरत असतो. कागद कोरडा राहावा म्हणून जे जे केलं, त्याने ट्रॅपही खडखडीत करून ठेवला होता.

त्या पंख्याचं वेगळं सांगायला हवं. फाटलेली पानं जोडायला मी अगदी पातळ टिश्यू कागद वापरते. त्याची बोटभर रुंद पट्टी कापली आणि जाळीवर धरली. पंखा बंद असताना पट्टी सरळ लोंबत राहिली. पंखा लावला, आणि तिचं टोक हळूच वर उचललं गेलं आणि तसंच थरथरत राहिलं. वास बाहेर जावा म्हणून लावलेला पंखाच गटारातली हवा खोलीत ओढत होता! दार घट्ट बसणारं, खिडकी नाही. पंख्याला बाहेर फेकायला हवा कुठून तरी हवीच, आणि त्याला सगळ्यांत सोपी वाट ही मिळाली होती. २००३ मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स वसाहतीत सार्सची लागण तीनशेहून जास्त रहिवाशांना झाली, तेव्हा तपासात पुढे आलेल्या कारणांत बाथरूमच्या जमिनीतले सुकलेले ट्रॅप आणि त्यांतून हवा ओढणारे एक्झॉस्ट पंखे होते. हे मी नंतर वाचलं, बरं झालं. पट्टी हातात धरलेली असताना वाचलं असतं तर तळघराला कुलूपच घातलं असतं.

अर्धी बादली पाणी ओतलं. संध्याकाळी वास नव्हता. पुष्कळ जणांचं काम इथेच होईल, तेव्हा काहीही विकत घेण्याआधी पाणी ओता आणि दोन दिवस थांबा. माझंही झालं असतं, पण मी विसराळू. मध्ये बहिणीकडे गेले, तिच्याकडचा मुक्काम लांबला, परत आले तर दार उघडताक्षणी तोच भपकारा. तेव्हा ठरवलं की माझ्या आठवणीवर अवलंबून नसलेलं काहीतरी हवं.

पहिल्यांदा आणलं ते हे नव्हे. ते स्प्रिंगवालं होतं: स्टीलची वाटी, खाली झाकण, झाकणाला बारीक स्प्रिंग. पाण्याच्या वजनाने झाकण खाली जातं, पाणी संपलं की स्प्रिंग ते वर ओढते. दिसायला इतकं सुबक की ते जमिनीत गाडावंसंच वाटेना. चौथ्या दिवशी पुठ्ठ्याचा एक कण झाकणाच्या कडेला अडकला आणि झाकण जेमतेम कागदाच्या जाडीइतकं उघडं राहिलं. हवेला तेवढं पुरतं. काढून पुसलं की बरं, आठवड्याने पुन्हा तेच. ज्या खोलीत धागे, लोकर, भुसा किंवा माझ्यासारखे कागदाचे कपटे उडतात तिथे स्प्रिंगच्या नादाला लागू नका.

मग हे सिलिकॉनचं. करड्या रंगाचं, साधारण पेल्याच्या आकाराचं. बाहेरून चार मऊ कडी, पाइपाच्या भिंतीला दाबून बसणारी. आत खाली निमुळते होत आलेले दोन ओठ, बदकाच्या चोचीसारखे. वरून पाणी आलं की चोच उघडते, गेलं की मिटते. धातू नाही, स्प्रिंग नाही, गंजायला काही नाही. हातात घेऊन चोच बोटांनी उघडून सोडली की ती जशी मिटते, ते बघूनच माझा अर्धा विश्वास बसला.

विक्रेत्याने पहिल्यांदा चुकीचा आकार पाठवला, बदलून मिळायला दोन वेळा सांगावं लागलं. पण खरं सांगायचं तर माझाही गोंधळ होताच. मी जाळी मोजली होती. जाळी मोजायची नसते, खालचा पाइप आतून मोजायचा असतो. ११० मिलिमीटरचा पाइप हा बाहेरून ११० असतो. भिंतीची जाडी दोन्ही बाजूंनी वजा जाते आणि आतली भोकाची रुंदी कमी भरते. जाळी उचला, पट्टी आत घाला, दोन दिशांनी मोजा. दोन्ही आकडे सारखे येतीलच असं नाही. माझे चार मिलिमीटरने वेगळे आले. म्हणजे पाइप पूर्ण गोल नव्हता, आणि अशा ठिकाणी कडी मऊ असलेलंच बूच हवं.

बसवणं सोपं आहे असं डब्यावर लिहिलंय. सोपंच आहे, म्हणून चुकतं. मी पाइपाची भिंत वरवर पुसली, कड्यांना साबण लावला, बूच दाबलं, ते आत गेलं, मी टाळी वाजवली. दुसऱ्या दिवशी वास. तिसऱ्या दिवशी वास. तीन आठवडे मी ह्या वस्तूला नावं ठेवली. मग परत ती टिश्यूची पट्टी काढली आणि या वेळी जाळीच्या मधोमध नाही, कडेकडेने फिरवली. भिंतीकडच्या बाजूला एकाच जागी टोक हललं. बूच उपसून बोट फिरवलं तर तिथे सिमेंटचा हरभऱ्याएवढा गोळा, गवंड्याने कधीकाळी पाडलेला, त्यावर वर्षांची शेवाळी. त्या गोळ्याशी कडं मुडपत होतं आणि शेजारून हवा येत होती.

गोळा छिन्नीने हलकेच काढला. खाली जुना कपडा कोंबून ठेवला होता, तुकडे ट्रॅपमध्ये पडू नयेत म्हणून. मग भिंत खरवडली. त्यासाठी घडी दाबायची माझी जुनी प्लास्टिकची पट्टी बळी दिली. तिने जे निघालं त्याचं वर्णन करत नाही. काळं, बुळबुळीत, आणि स्वतःच वास मारणारं. हे महत्त्वाचं आहे. मला वाटत होतं सगळा वास खालून, गटारातून येतो. पण हा चिकट थर म्हणजे जिवाणूंची वस्ती असते, आणि ती जाळी ते ट्रॅप एवढ्या वितभर पाइपात सुखाने नांदते. बूच त्याच्या खाली बसलं तर वरचा थर तुमच्याच खोलीत राहिला. ते बारीक, केसाळ, पतंगासारखे किडे जाळीभोवती बसलेले दिसतात ना, त्यांच्या अळ्याही त्याच थरात वाढतात. म्हणून आधी ब्रश, मग बूच. एन्झाइमचं लिक्विड मी रात्री ओतून ठेवलं होतं, त्याने थर सैल झाला एवढं खरं, पण निघाला तो ब्रशनेच.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगरही करून पाहिलं. फेस मस्त येतो. दोघं एकमेकांना संपवून टाकतात आणि मागे बहुतांशी खारट पाणी उरतं. ब्लीच आणि ॲसिड मात्र एकापाठोपाठ एक ओतू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि खिडकी नसलेल्या तळघरात तो तुमच्याबरोबरच राहतो. उकळतं पाणी पीव्हीसीच्या पाइपाला मानवत नाही.

दुसऱ्यांदा बसवलं ते जाळीच्या बोटभर खाली, सपाट, कुठेही कलतं नाही. पट्टी कडेने फिरवली, हलली नाही. पंखा लावला, तरी नाही. त्या दिवसापासून अंड्यांचा वास गेला तो गेला. आठवड्याने ते वहीवाले गृहस्थ आले, खोलीत उभं राहून दोनदा नाक ओढलं आणि मान हलवली. माझ्यासाठी तेवढं प्रमाणपत्र पुष्कळ होतं.

आता उणं काय ते. पाणी हळू जातं. बूच नसताना बादली उपडी केली तर पाणी थांबत नसे. आता वीस लिटरची बादली एकदम ओतली की तळवा बुडेल इतकं पाणी साचतं आणि निचरायला मिनिटभर लागतं. जिथे जमीन रोज धुतली जाते, किंवा वॉशिंग मशीनचं पाणी जोरात येऊन पडतं, तिथे हे मला चालणार नाही. शिवाय चोच उघडायला पाण्याचं थोडं वजन लागतं, त्यामुळे शेवटचे दोन-चार घोट ओठांवरच बसून राहतात. त्यात धूळ पडते, कपटे पडतात. पाचव्या महिन्यात एक वेगळाच वास आला, अंड्यांचा नाही, ओल्या पोतेऱ्यासारखा आंबूस. बूच बाहेर काढलं तर खालची बाजू स्वच्छ आणि वरची बुळबुळीत. भांडी घासायच्या साबणाने आणि जुन्या टूथब्रशने पाच मिनिटांत साफ झालं. तेव्हापासून दोन महिन्यांनी एकदा काढून घासते. डब्यावर "देखभालीची गरज नाही" असं लिहिलंय, त्या वाक्यावर मी पेनाने काट मारून ठेवली आहे.

आणि एक अपघात, सर्वस्वी माझा. खालच्या सिंकचं पाणी या जाळीतूनच जातं. एका रात्री कंटाळून मी पांढऱ्या फेविकॉलचे ब्रश आणि वाडगा नीट न पुसता धुतला. दुधासारखं पाणी गेलं, मी झोपायला गेले. दोन दिवसांनी सिंक सोडलं तर जाळीवर तळं. पाणी जाईचना. हाताने उपसलं, बूच ओढून काढलं आणि बघते तर दोन्ही ओठ एकमेकांना चिकटलेले, मध्ये पातळ पारदर्शक कातडी तयार झालेली. बाइंडिंगवालीने बूचच बाइंड केलं होतं. सिलिकॉनला फेविकॉल धरत नाही म्हणून वाचले. नखाने एक कोपरा उचलला आणि सगळी कातडी एका तुकड्यात सोलून आली, ओठांचा हुबेहूब ठसा घेऊन. ती मी बरेच दिवस मुलांना दाखवायला ठेवली होती. ज्यांच्याकडे रंग, प्लास्टर, टाइलचं ग्राउट असं काही धुतलं जातं, त्यांनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा.

डब्यावर असंही म्हटलंय की गटाराचं पाणी उलटं वर येणार नाही. थोडं येत असेल तर कदाचित अडेल. पण हे बूच नुसत्या कड्यांच्या घर्षणावर बसलेलं आहे. मी दोन बोटांनी ओढून काढते ते. तुंबलेल्या गटाराचा खरा जोर आला तर ते जाळीसकट वर येईल. ज्यांच्या तळघरात पाणी उलटतं त्यांनी पाइपलाइनवर बसणारा बॅकवॉटर व्हॉल्व्ह लावून घ्यावा, ते काम वेगळं आणि प्लंबरचं.

प्लंबरना मी बोलावलं ते खरं तर या सगळ्यानंतर, खात्री करून घ्यायला. त्यांनी वरच्या दोन्ही संडासांचे फ्लश एकदम सोडायला लावले आणि स्वतः खाली कान लावून बसले. गुडगुड आली नाही. आली असती तर पाइपांना बाहेरची हवा पुरवणारा व्हेंट पाइप तुंबलाय आणि ट्रॅपमधलं पाणी ओढलं जातंय असं धरायचं, मग बूच लावून रोग झाकल्यासारखं झालं असतं. बाजूच्या साफसफाईच्या तोंडाचं झाकणही त्यांनी फिरवून पाहिलं. ते ढिलं असलं तर जाळी कितीही बंद करा, वास येतच राहतो. मग माझ्याकडे वळले.

"ताई, बूच लावलंत ते ठीक. पण आता खाली पाणी आहे का नाही, हे तुम्हाला कळणार कसं?"

"दादा, वास आला की कळेल."

"वास येणार नाही म्हणून तर लावलंत ना."

मी गप्प. बूच आहे म्हणून मी निर्धास्त, आणि खाली ट्रॅप पुन्हा सुकून बसलेला. म्हणजे गटार आणि माझ्यामध्ये फक्त सिलिकॉनचे दोन ओठ. गटारातल्या हवेत हायड्रोजन सल्फाइड असतो, मिथेन असतो. पहिला अगदी थोडा असला तरी नाकाला कळतो, पण जास्त झाला की नाकच बधिर करतो, म्हणून जोराचा वास अचानक थांबला तर खूश व्हायचं नाही, खोलीबाहेर पडायचं. दुसरा पेट घेतो. प्लंबरदादांनी सांगितलं तसं आता महिन्याच्या एक तारखेला बूच काढून आत अर्धी बादली ओतते, वर दोन-तीन चमचे मिनरल ऑइल सोडते. तेल पाण्यावर तरंगतं आणि त्याला उडू देत नाही. स्वयंपाकाचं तेल घालू नका, ते खवट होऊन नवाच वास सुरू होईल.

तर मग बूच कशाला, नुसती बादलीच का नाही, असं माझ्या बहिणीने विचारलं. कारण एक तारीख मी आतापर्यंत चार वेळा विसरले आहे, आणि त्या चार महिन्यांत एकही वही वास मारत परत आलेली नाही.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो त्या "देखभालीची गरज नाही"साठी. घेताना आतून मोजा, करडं किंवा पांढरं घ्या, काळं नको. काळ्यावर बुळबुळीत थर साचलेला दिसत नाही. ते स्प्रिंगवालं अजून माझ्या टेबलावर आहे. जड आहे, ताज्या चिकटवलेल्या पुठ्ठ्यावर वजन म्हणून छान चालतं. झाकण अजूनही पूर्ण मिटत नाही.